ट्वी भाषेचे उच्चार: वर्षभर वापरल्यावर

घानात इंग्रजीवर निभतं. बँक, सरकारी कागद, मोठी दुकानं, सगळीकडे तीच चालते. तरी इथल्या कुमासी शहरात राहून ट्वी न शिकणं म्हणजे पुण्यात राहून मराठी न शिकण्यासारखं आहे. अडत काही नाही, फक्त सगळ्या गप्पा आपल्या डोक्यावरून जातात. मी इथल्या एका औषध वितरकाचं गोदाम सांभाळते. वर्ष होत आलं, ट्वी रोज कानावर पडतेय आणि बऱ्यापैकी तोंडातही बसलीय. व्याकरणाबद्दल इथे फार लिहीत नाही. उच्चारांबद्दल लिहिते, कारण मराठी माणसाची खरी दमछाक तिथेच होते. आपल्याला लिहिलेलं वाचता आलं की बोलता येईल असा भरवसा असतो. ट्वीत तो बाजूला ठेवावा लागतो. अर्थ ठरवणाऱ्या निम्म्या गोष्टी ही भाषा लिहीतच नाही.

वाचण्याआधी एक सोय. रोमन लिपीत ट्वीची दोन जादा अक्षरं आहेत, एक इंग्रजी तीनचा आकडा आरशात पाहावा तसं आणि दुसरं उलटा सी. पहिल्यासाठी मी ॲ वापरतेय, दुसऱ्यासाठी ऑ. तंतोतंत नाही, पण भागतं. इथली पोरं मेसेज करताना कळफलक बदलायच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ इंग्रजी तीन आणि उजवा कंस ठोकतात. नवख्याला ते मेसेज बिलासारखे दिसतात.

आधी नावाकडे येऊ. 'ट्वी' हे स्पेलिंगवरून आलेलं आपलं रूप. इथे कोणी तसं म्हणत नाही. 'चार'मधला च घ्यायचा ('चमच्या'तला नव्हे), तो काढतानाच ओठ शीळ घालायच्या बेतात पुढे आणायचे आणि लगेच ई. च आणि व एकामागून एक येत नाहीत, एकाच वेळी येतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे आंटी म्हणतात. मी त्यांच्याकडे शिकायला जाते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात आरसा दिला. आवाज फुटायच्या आधी ओठ गोल झालेले दिसले तर ठीक, नाहीतर पुन्हा. या एका अक्षरावर आम्ही जेवढा वेळ घालवला तेवढा पुढे कशावरच नाही, आणि तो वाया गेला नाही. ज आणि शची अशीच गोल ओठांची भावंडं आहेत, ती त्यातून आपोआप सुटली.

बाकी व्यंजनांत मराठी माणूस फायद्यात आहे. स्पेलिंगमध्ये केवाय दिसलं की च, जीवाय म्हणजे ज, एचवाय म्हणजे श. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी हुकवणाऱ्या असामोआला आपण 'ग्यान' म्हणून ओळखतो. कुमासीत तो 'जान' आहे. एवढं लक्षात ठेवलं तर पाट्या वाचता येतात. त्रास होतो तो प, त, क यांचा. ट्वीत ती श्वास सोडून म्हणतात, त्यामुळे आपल्या कानाला फ, थ, ख ऐकू येतात. त्यांच्या लेखी मात्र प आणि फ (म्हणजे ओठ मिटून म्हणायचा आपला जुना फ) असे दोन वेगळे आवाज नाहीतच, त्यामुळे विचारून उपयोग नाही. "मी प म्हणाले की फ?" या प्रश्नावर आंटी नुसत्या बघत राहतात.

स्वरांची अक्षरं सात, आवाज नऊ. ए आणि ओ या अक्षरांवर प्रत्येकी दोन आवाजांचा भार आहे. त्यातला एक ए आपल्याला चक्क ऱ्हस्व इ वाटतो, म्हणून शनिवारी जन्मलेला क्वामे इथे 'क्वामि' ऐकू येतो. स्वरांचे दोन गट पडतात. एका गटात जिभेचं मूळ पुढे सरकून घसा मोकळा होतो, दुसऱ्यात ते मागे राहतं. एका शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर राहतात, आणि आधी जोडलेला सर्वनामाचा तुकडाही त्याच गटात ओढला जातो. 'तो जातो' म्हणजे ऑकॉ, पण 'तो खातो' म्हणजे ओदि. हे प्रकरण पुस्तकात फार भारदस्त दिसतं. माझं मत विचाराल तर सुरुवातीला सोडून द्या. ऐकून ऐकून जीभ वळते, आणि नाही वळली तरी सहसा तुम्ही फक्त परके वाटता, बोलणं पोचतं. माझा मडगावचा एक सहकारी घरी कोकणी बोलतो. मिटलेला ए आणि उघडा ए त्याच्या कानाला आधीपासूनच वेगळे, नाकातल्या स्वरांचीही सवय. तो माझ्या कितीतरी पुढे गेला.

ते नाकातले स्वर मात्र सोडून चालत नाही. 'का' म्हणजे चावणं आणि नाकातून 'कां' म्हणजे बोलणं. 'फि' म्हणजे निघणं, तेच नाकातून म्हटलं तर घाण. रोजच्या लेखनात दोन्ही एकसारखे. आपल्या जुन्या पुस्तकांत उच्चार गेला तरी टिंबं उरली होती. इथे उच्चार ठणठणीत आहे आणि टिंबाचा पत्ता नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते स्वराशिवाय उभं राहणारं म् आणि न्. घानाचे पहिले अध्यक्ष आपण 'एन्क्रुमा' म्हणतो, कारण मागेपुढे स्वर नसलेला न् आपल्याला धरवत नाही. ट्वीत तो न् स्वतंत्र अवयव आहे, त्याला स्वतःची मात्रा आहे आणि स्वतःचा सूरही. सगळा नकार याच्यावर उभा आहे. 'मेपॅ' म्हणजे मला हवंय, 'मेम्पॅ' म्हणजे नकोय. केजेतिया बाजारात टोमॅटो घेताना बाई ढीग पिशवीत ओतते आणि लगेच मिरच्यांची वाटी पुढे करते. घाईत म्हटलेल्या 'मेम्पॅ'तला म् आपल्या बोलण्यात पुढच्या पला चिकटून जातो, 'संप'मधल्यासारखा. तिथे थांबायचं असतं. मे, मग ओठ मिटून पूर्ण एक ठोका म्, मग पॅ. असं म्हटलं की वाटी मुकाट्याने मागे जाते. पुढची गंमत म्हणजे या नकाराच्या म्-न्‌पुढे ब आणि द टिकत नाहीत. 'बा' म्हणजे येणं, त्याचा नकार 'म्मा'. 'दि' म्हणजे खाणं, नकार 'न्नि'. एवढा एक नियम पाठ केला की रेडिओवरचे बरेच अनोळखी शब्द ओळखीचे निघतात.

आता सूर. नेहमीचं उदाहरण 'पापा'चं आहे. दोन्ही अक्षरं उंच असली तर चांगलं, पहिलं खाली आणि दुसरं उंच असलं तर बाप, दोन्ही खाली असली तर हातपंखा. हे ऐकायला मजेशीर आहे, पण व्यवहारात कोणी बापाला पंखा समजत नाही, संदर्भ असतोच. सूर नडतो तो क्रियापदात. 'ऑन्कॉ' म्हणजे तो जात नाही, आणि 'ऑन्कॉ' म्हणजे त्याला जाऊ दे. अक्षरं तीच, फरक फक्त सुराचा. गोदामाच्या फाटकावर मालाची गाडी उभी असताना या दोन अर्थांत किती अंतर आहे ते सांगायला नको. मी अजूनही हात हलवून पक्कं करते.

शिवाय उंच आणि खाली ही गाण्यातल्या सुरांसारखी ठरलेली जागा नाही. वाक्य पुढे सरकतं तसा उंच सूरही पायरीपायरीने उतरतो. शेवटचा 'उंच' सुरुवातीच्या 'खाली'इतका खाली आलेला असू शकतो. त्यामुळे फक्त शेजारच्या अक्षराशी तुलना करायची. प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेण्याची आपली खोडही आवरावी लागते, कारण शेवटच्या अक्षराचा सूर त्या शब्दाच्या मालकीचा असतो. प्रश्नासाठी शेवटी 'अना' लावला की काम होतं. सूर म्हणजे नेमकं काय ते मला पटलं आसांतेहेनेच्या, म्हणजे आसांते राजाच्या, मान्शिया राजवाड्यात (स्पेलिंगमधल्या एचवायला फसू नका). दर सहा आठवड्यांनी अक्वासिदाए नावाचा सण असतो. तिथे आतुम्पान नावाचे दोन नगारे, एक चढ्या आवाजाचा, एक उतरत्या. वादक त्यांच्यावर बोलतो, म्हणजे खरोखर वाक्यं वाजवतो. व्यंजन नाही, स्वर नाही, उरतात फक्त सूर आणि लय. आणि समोरच्या म्हाताऱ्यांना ते कळतं.

साधनांबद्दल. मी एक पैसे भरून घ्यायचं अ‍ॅप वापरलं. शब्द छान, चित्रं छान, सूर कुठेच दाखवलेला नाही. उच्चार सुटे सुटे आणि सावकाश ध्वनिमुद्रित केलेत, त्यामुळे ती पायरीपायरीची उतरण गायब. याउलट बाझेल मिशनच्या क्रिस्टालर या पाद्र्याने १८८१ साली छापलेल्या कोशात सुरांच्या खुणा आहेत. त्याचे स्कॅन नेटवर फुकट मिळतात. स्पेलिंग जुनं आहे, कागद पिवळा आहे, पण 'कां'वरची नाकातली खूणही त्यात सापडते. रेडिओ मात्र रोज लावा. अर्थ कळला नाही तरी चालेल. आधी नुसतं मान डोलावून चढउतार मोजायचे. गूगल ट्रान्सलेटमध्ये ट्वी मे २०२२ मध्ये आली, कोकणी आणि संस्कृतच्याच खेपेला; लिहिलेलं समजून घ्यायला बरं, उच्चारासाठी त्यावर विसंबू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर आंटींसारख्या माणसाला द्या, आणि रोज वीस मिनिटं नुसती वाक्यं मागून म्हणा.

ट्वीच्या आसांते आणि अकुआपेम अशा दोन बोली आहेत; पुस्तक घेताना ते आसांते ट्वीचं आहे की अकुआपेमचं ते बघा. १९७८ पासून एकत्रित लेखनपद्धत आहे, तरी दोन्ही वळणं पुस्तकांत टिकून आहेत. पाणी आसांतेत 'न्सुओ', अकुआपेममध्ये 'न्सु', आणि असे शेपूट असलेले-नसलेले शब्द पानोपानी भेटतात. क्रिस्टालरचं कामही अकुआपेमवर उभं आहे. कुमासीत राहणार असाल तर आसांते घ्या. माझ्याकडचं छापील पुस्तक अकुआपेमचं निघालं, ते मी मडगावकराला दिलं. त्याची बदली अबुरीच्या बाजूला झालीय, तिथे तेच लागतं.