तीन किलोवॅटचा सौर संच आणि एका वर्षाची वही

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या गच्चीवर नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस तीन किलोवॅटचा सौर संच बसला. बँकेतल्या नोकरीने लावलेली आकडे टिपून ठेवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नसल्यामुळे डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या बारा महिन्यांची निर्मिती, वापर आणि वीजबिल यांची नोंद मी वहीत ठेवली. हा खर्च परवडतो का, असे विचारणाऱ्यांना बहुतेक विक्रेते ‘तीन-चार वर्षांत पैसे वसूल’ असे एका दमात सांगतात. ते खोटे नसते, पण कोणाच्या घरी आणि कोणत्या बिलावर, हे ते सांगत नाहीत.

आमचे बिल आधी समजून घेतले पाहिजे. घरात माणसे चार, एक एसी, उन्हाळ्यात एक कूलर, आणि पाण्याची मोटर. हिवाळ्यात महिन्याला १९० युनिट, एप्रिल-मे मध्ये ४३० ते ४५०, आणि वर्षाकाठी एकूण ३,४५० युनिट असा आमचा वापर होता. निर्णय घेताना माझ्यासमोर महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर होते. वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून पहिली १०० युनिटे सहा रुपयांच्या किंचित आत, १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिटे साडेअकरा रुपयांच्या जवळ, तर ३०० च्या पुढची पंधरा रुपयांच्या वर पडत होती. त्यावर दरमहा १२८ रुपये स्थिर आकार आणि शेवटी या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क होते. अशा रीतीने वर्षाचे बिल ४१,६०० रुपयांच्या आसपास जात होते. जुलै २०२५ पासून दर बदलले, त्यामुळे पुढचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तुलना सरळ राहावी म्हणून मी सगळा हिशोब जुन्याच दरांनी केला आहे.

या दरपत्रकातच सौर संचाच्या फायद्या-तोट्याचे मर्म आहे. नेट मीटर, म्हणजे घरात येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, लागला की महिन्यात बाहेरून घेतलेल्या युनिटांतून संचाने बाहेर पाठवलेली युनिटे वजा होतात आणि उरलेल्या युनिटांना पहिल्या टप्प्यापासून दर लागतो. याचाच अर्थ, संच सर्वांत आधी तुमची सर्वांत महागडी युनिटे खातो. मे महिन्यात साडेचारशे युनिटे जाळणाऱ्या घरात पहिला किलोवॅट पंधरा रुपयांच्या वरचीच युनिटे वाचवतो. ज्या घराचा वापरच ९० युनिटे आहे, तिथे तोच किलोवॅट सहा रुपयांचे युनिट वाचवतो. ऊन दोन्ही गच्च्यांवर सारखेच पडते, पण एका गच्चीवर त्याची किंमत दुपटीहून अधिक होते.

आता खर्चाचे. सहा पॅनेल, प्रत्येकी ५४५ वॅटचे, पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा इन्व्हर्टर, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा सांगाडा, वायरिंग, अर्थिंग आणि नेट मीटरची कागदपत्रे, असे सगळे मिळून १,९२,००० रुपये लागले. सांगाडा साध्या उंचीचा घेतला असता तर पंधरा हजार कमी झाले असते, परंतु उन्हाळ्यात पापड-कुरडयांना आणि एरवी वाळवणाच्या दोऱ्यांना गच्ची हवीच, या घरच्या आग्रहापुढे मी आठ फुटांचे खांब मान्य केले. (आता त्या सावलीत संध्याकाळी खुर्च्या टाकता येतात, हा लाभ वहीत कुठे लिहावा हे मला कळलेले नाही.) प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते संच सुरू झाल्यावर थेट खात्यात जमा झाले आणि माझ्या खिशातून अखेर १,१४,००० रुपये गेले. तेव्हा पॅनेलवर १२ टक्के जीएसटी होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे, म्हणजे आज घेणाऱ्याला तेवढा दिलासा आहे.

अनुदानासाठी एक अट डोळ्यांत तेल घालून तपासावी लागते. पॅनेल भारतात जोडलेले असून भागत नाही, त्यातले सेलही देशात बनलेले असावे लागतात. व्यवहारात याला ‘डीसीआर पॅनेल’ म्हणतात. मला आलेल्या चार कोटेशनांपैकी सर्वांत स्वस्त असलेल्या कोटेशनात हा शब्दच नव्हता. विचारल्यावर ‘काका, पॅनेल सगळे सारखेच असतात’ असे उत्तर मिळाले. ते कोटेशन मी बाजूला ठेवले.

वर्षाची निर्मिती ४,१०६ युनिटे झाली. विक्रेत्याने एका किलोवॅटला रोज चार युनिटे या हिशोबाने वर्षाला ४,३८० युनिटे सांगितली होती. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने गाठले आणि सप्टेंबरात तर सोलापूर जिल्ह्याने सीना नदीचा महापूर पाहिला, हे लक्षात घेता पावणेतीनशे युनिटांची ही तूट मी विक्रेत्याच्या नावावर टाकणार नाही. मात्र एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: सर्वाधिक निर्मिती भर उन्हाळ्यात झाली नाही, ती मार्चमध्ये झाली, ४३१ युनिटे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला पॅनेलची काच हाताला सोसवत नाही. ६५ अंशांवर गेलेले पॅनेल आपल्या क्षमतेचा सात-आठ भागांतला एक भाग नुसत्या उष्णतेत गमावून बसते. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला २६० च्या घरात युनिटे मिळाली. ढगाळ दिवशी संच बंद पडत नाही, फक्त रडतखडत चालतो.

या वर्षीचे बिल, जुन्या दरांनी, सुमारे २,७५० रुपये होते. त्यातला मोठा भाग स्थिर आकाराचाच आहे, कारण तो कोणालाच चुकत नाही. ‘शून्य बिल’ ही जाहिरातीची भाषा आहे. बचत झाली ३८,९०० रुपयांची. म्हणजे १,१४,००० रुपये तीन वर्षांच्या आतच वसूल होतात. हीच रक्कम सात टक्के व्याजाने मुदत ठेवीत ठेवली असती तर वर्षाला आठ हजारांच्या आसपास व्याज आले असते. अर्थात ठेवीतले मुद्दल परत मिळते आणि पॅनेल झिजत जाते, हे विसरून ही तुलना करू नये. उत्पादकाची २५ वर्षांची हमी पॅनेलच्या निर्मितीक्षमतेची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा तरी बदलावा लागेल, असे धरून मी त्यासाठी दरमहा अडीचशे रुपये वेगळे ठेवतो.

इथपर्यंत वाचून कोणी लगेच तीन किलोवॅटची मागणी नोंदवणार असेल तर त्याने थोडे थांबावे, कारण माझी खरी चूक पुढेच आहे. सहाऐवजी चारच पॅनेल, म्हणजे साधारण दोन किलोवॅट, बसवले असते तर काय झाले असते, याचा हिशोब मी महिनावार मांडून पाहिला. निर्मिती दोन तृतीयांश झाली असती आणि वर्षाचे बिल ८,५०० च्या थोडे वर गेले असते. म्हणजे बचत ३३,००० रुपये. अनुदान वजा जाता मिळालेल्या कोटेशनांवरून खर्च ७४,००० आला असता, आणि तो सव्वादोन वर्षांत निघाला असता. याउलट तिसऱ्या किलोवॅटसाठी मी ४०,००० रुपये जास्तीचे दिले आणि त्याने वर्षाला ५,८०० रुपये वाचवले. त्या एकट्याचे पैसे निघायला सात वर्षे लागतील. पहिल्या दोघांची कमाई इतकी भक्कम आहे की सरासरीत तिसऱ्याचा आळस झाकला जातो. विक्रेता नेहमी सरासरी दाखवतो. आपण शेवटच्या किलोवॅटचा हिशोब वेगळा मागावा.

तिसरा किलोवॅट आळशी ठरण्याचे एक कारण हिशोबाच्या तारखेत आहे. बाहेर पाठवलेली जादा युनिटे पुढच्या महिन्यात वळती होतात, पण हे खाते ३१ मार्चला बंद होते. शिल्लक युनिटे वितरण कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि तो दर आपल्या वरच्या टप्प्याच्या तुलनेत फारच कमी असतो. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च वापर ९४० युनिटे आणि निर्मिती १,५२१. म्हणजे हिवाळाभर साठवलेली ५८१ युनिटे नेमकी एप्रिलच्या तोंडावर मातीमोल झाली आणि मे महिन्यात एसी चालू असताना मात्र शंभर युनिटे कमी पडली. सोलापूरसारख्या उन्हाळी वापराच्या शहरात ही तारीख फार बोचते.

बसवणाऱ्यांच्या कामाबद्दल सांगायचे तर ते स्थानिक होते; काम तीन दिवसांत आटोपले आणि एकंदर नीट झाले, पण दोन ठिकाणी मला आवाज चढवावा लागला. पहिली गोष्ट अर्थिंगची. पॅनेलच्या बाजूचे, इन्व्हर्टरच्या बाजूचे आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचे असे तीन वेगवेगळे खड्डे हवेत, असे कोटेशनमध्ये लिहिले असताना त्यांनी दोनच खणले आणि ‘दोनात भागतं’ म्हणून सामान आवरायला घेतले. शेवटचा हप्ता माझ्या हातात होता, म्हणून तिसरा खड्डा झाला. दुसरी गोष्ट अधिक नुकसानीची होती. नेट मीटर बसण्यापूर्वीच त्यांनी ‘टेस्टिंग’ म्हणून संच चालू केला आणि तो तसाच चार दिवस चालू राहिला. जुना मीटर एकाच दिशेने मोजणारा होता. बाहेर गेलेली वीजही त्याने आम्हीच वापरल्याचे दाखवले, आणि त्या महिन्याचे बिल कमी होण्याऐवजी वाढले. नेट मीटर लागेपर्यंत इन्व्हर्टरचा स्विच बंद आहे ना, हे स्वतः जाऊन पाहावे. कागदपत्रांत जो उशीर झाला तो माझ्यामुळे: वीजजोडणी अजून वडिलांच्या नावावर होती आणि ते नाव बदलण्यातच महिना गेला.

देखभालीबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. आमच्या भागात डिसेंबरपासून धुळीचा पातळ थर आठवडाभरात काचेवर बसतो. फेब्रुवारीत तीन आठवडे मी मुद्दाम पॅनेल धुतले नाहीत. शेवटच्या दिवशी १२.४ युनिटे झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे धुतल्यावर तशाच स्वच्छ उन्हात १४.१. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे दोन बादल्या पाणी काचेवर ओतताना हात अडखळतो. बोअरचे पाणी वापरून पाहिले. ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. आता नळाच्या दिवशी, ऊन चढण्याआधी, एक बादली नळाचे पाणी आणि लांब दांड्याचे मऊ फडके एवढ्यावर आम्ही भागवतो. आठ फुटांच्या सांगाड्यावर हे करायला शिडी लागते आणि माझे वय ६३ आहे, हेही खर्चात धरावे.

सावलीचाही अनुभव आला. हिवाळ्यात दुपारी साडेतीननंतर आमच्याच पाण्याच्या टाकीची सावली कोपऱ्यातल्या एका पॅनेलवर येते. पॅनेल एका साखळीत जोडलेले असल्यामुळे एकावर सावली आली की ओढ इतरांनाही बसते. मोबाइलवरच्या आलेखात त्या वेळी रेषा उतरत नाही, पायरीसारखी खाली पडते. गच्चीची पाहणी सकाळी अकराला करून गेलेल्या माणसाला हे दिसणार कसे? पाहणी दोन वेळा मागावी, त्यातली एक उतरत्या उन्हात.

आणि वीज गेल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. काहीच नाही, संचही बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आमच्या गच्चीवरून धक्का बसू नये म्हणून हे इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून थांबतात. एप्रिलच्या दुपारी दोन तास वीज गेली तेव्हा ‘डोक्यावर एवढं ऊन आणि खाली पंखा बंद, हे कसलं सोलर?’ हे घरातले वाक्य मला ऐकून घ्यावे लागले. बॅटरीसह संच घेतला असता तर हे टळले असते, परंतु त्यासाठी मला मिळालेले कोटेशन एक लाखाहून जास्तीचे होते आणि बॅटरीचे आयुष्य पॅनेलपेक्षा पुष्कळ कमी असते. जिथे दिवसाला चार-चार तास वीज जाते तिथे विचार वेगळा करावा लागेल; आमच्याकडे तशी स्थिती नाही, जुनी छोटी इन्व्हर्टर-बॅटरी पंख्यापुरती पुरते.

शेजारच्या घरी दोघेच वृद्ध राहतात, महिन्याला ८०-९० युनिटे. त्यांचे बिल स्थिर आकार धरून साडेसातशेच्या आसपास येते. आमचा संच पाहून त्यांनाही तीन किलोवॅट बसवायचे होते आणि विक्रेता तयारच होता. मी त्यांना एक किलोवॅटच्या पुढे जाऊ नका असे सांगितले, आणि त्याआधी १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये काढलेल्या ‘स्मार्ट’ योजनेची चौकशी करायला लावली, कारण तिच्यात केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचीही भर मिळते. अर्ज त्यांच्या नातवाने भरला आहे. गच्चीवरच्या शेवग्याची फांदी छाटायची की पॅनेलची जागा बदलायची, यावर त्यांच्याकडे अजून एकमत झालेले नाही.