८×४२ दुर्बीण : अंदमान सहलीचा शेवटचा दिवस आणि त्यानंतरचा पावसाळा

अंदमानच्या पक्षिनिरीक्षण सहलीसाठी घेतलेली ही ८×४२ (म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर) दुर्बीण मी गेल्या हिवाळ्यापासून वापरत आहे. आमच्या बेळगाव-खानापूर भागात कोणी दुर्बीण घ्यायला निघाले की ‘किती पट मोठे दिसते?’ हे आधी विचारतात. माझ्या मते उजेड किती मिळतो, हे त्याआधी विचारावे. सहलीच्या शेवटच्या दिवशी मला याची खात्री पटली.

शेवटचा दिवस खरेदीत घालवण्याची अनेक सहलींची पद्धत असते. आमच्या मार्गदर्शकाने मात्र सकाळ सिप्पीघाटला आणि संध्याकाळ चिडिया टापूला दिली होती, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, सिप्पीघाटच्या शेतांत खारे पाणी शिरले आणि तिथे कायमची पाणथळ झाली. तिथल्या अंदमान टील बदकांच्या डोळ्यांभोवतीचे पांढरे कडे सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसत होते. सहलीतले निपाणीचे एक निवृत्त मुख्याध्यापक खिशात मावणारी १०×२५ दुर्बीण घेऊन आले होते. त्यांना तर ती बदके माझ्यापेक्षा थोडी मोठीच दिसत होती.

चिडिया टापूला प्रकार उलटा झाला. अंदमान बेळगावच्या पूर्वेला सुमारे १८ रेखांश आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्याही आधी अंधारून येते. अशा वेळी एका वाळलेल्या खोडावर अंदमान सुतार पक्षी येऊन बसला. आपल्या दांडेलीच्या जंगलातल्या पांढऱ्या पोटाच्या मोठ्या सुताराचाच हा भाऊबंद, पण याचे पोटही काळे. मुख्याध्यापकांना खोडावर नुसती काळी आकृती दिसत होती. ‘सर, यातून बघा,’ म्हणून मी माझी दुर्बीण त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांना कपाळापासून मागेपर्यंतचा लाल तुरा दिसला आणि तो नर असल्याचे त्यांनीच सांगितले. मादीचा लाल रंग डोक्याच्या मागच्या भागापुरताच असतो.

यामागचे गणित सोपे आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, तर १०×२५ मध्ये फक्त २.५. संध्याकाळी डोळ्याची बाहुली पुरेशी मोठी झालेली असेल तर उजेडात चौपटीहून थोडा जास्तच फरक पडतो. मात्र वाढत्या वयात बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून साठी ओलांडलेल्यांनी आणखी मोठ्या भिंगाची जड दुर्बीण घेऊन फारसा लाभ नाही.

घरी परतल्यावर जांबोटी आणि कणकुंबीच्या रानात हाच अनुभव कायम राहिला. पावसाळ्यात तिथे दुपारीही झाडीखाली अंधारच असतो. आत नायट्रोजन भरलेला असल्याने भिंगे आतून धुरकट होत नाहीत, पण थंड केलेल्या गाडीतून उतरताच बाहेरून धुके धरते आणि काही मिनिटे थांबावे लागते. दुर्बिणीबरोबर आलेली पिशवी ओल धरते, भिंगांवर बुरशी येण्याचे ते एक कारण. मी घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह दुर्बीण ठेवतो. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडचे रबरी कप खाली वळवून पूर्ण दृश्य दिसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

उणिवाही आहेत. गळ्यातल्या पट्ट्याने तासाभरात मान अवघडते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा घेतल्यावर तो त्रास गेला. तीन मीटरच्या आतले फुलपाखरू स्पष्ट दिसत नाही. घटप्रभेच्या धुपदाळ जलाशयावर दूरच्या काठाला उतरलेले क्रौंच पाहायला आठ पट अपुरे पडते, तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची, जास्त पटीची दुर्बीण) हवा. श्रावणात उजवीकडचा रबरी कप सैल झाला. विक्रेत्याने सुटा भाग मिळत नाही, पूर्ण दुर्बीण पाठवा असे सांगितले. हंगाम संपल्याशिवाय ती पाठवायची माझी तयारी नाही, म्हणून सध्या कपावर बारीक रबरी कडे चढवून काम भागवतो आहे.