घरचा प्रिंटर: इंकजेट की लेझर?

एका मैत्रिणीला घरासाठी प्रिंटर घ्यायचाय. इंकजेट स्वस्त दिसतो, लेझर महाग, आणि तिचं घोडं तिथेच अडलंय.

पण छापील किमतीवर जाऊ नका. खरा खर्च शाईचा. खोक्यावरचा 'इतकी पानं निघतील' हा आकडा साधारण 5 टक्के पान भरेल असं धरून काढलेला असतो, म्हणजे जेमतेम एखादं छोटं पत्र. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येणारं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, बऱ्याचदा कमीच भरलेलं असतं.

त्याहून मोठा मुद्दा वापराचा. इंकजेटची शाई पातळ. महिनाभर प्रिंटर बंद राहिला की ती नोझलच्या, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी सुकते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. मग ही छिद्रं असलेलं हेड साफ करायचं, त्यातही शाईच जाते! टाकीवाल्या इंकजेटमध्ये (यात कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीने शाई भरतात) पानामागचा खर्च बराच उतरतो, सुकण्याची कटकट मात्र राहतेच. लेझरचा टोनर म्हणजे कोरडी पूड. ती सुकणार काय? चार महिन्यांनी बटण दाबा, पान स्वच्छ येतं, ओलं बोट लागलं तरी अक्षरं फिसकटत नाहीत.

फोटोंत मात्र लेझर मार खातो. तापताना वीजही एकदम जास्त ओढतो, त्यामुळे छोट्या यूपीएसवर लावू नये.

अधूनमधून अर्ज, करारनामे छापायचे असतील तर साधा काळा-पांढरा लेझर घ्या. मुलांचे रंगीत प्रकल्प दर आठवड्याला असतील तर टाकीवाला इंकजेट. वर्षाकाठी दहाबारा पानंच लागत असतील तर दोन्ही नकोत, बाहेरून छापून आणा.