आकड्यांच्या याद्यांचा आटोपशीर डीबग आउटपुट: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी माझं डीबगिंग (प्रोग्राममधल्या चुका शोधणं) म्हणजे निव्वळ स्क्रोलिंग होतं. पायथन भाषेतल्या पीप्रिंटला (डेटा नीट मांडून छापणारा मॉड्यूल) दोनशे आकड्यांची लिस्ट दिली की एका ओळीत मावत नाही म्हणून तो दर ओळीला एकच आकडा मांडायचा. ‘कॉम्पॅक्ट’ हा पर्याय त्यात पायथन ३.४ पासून आहे, हे कळलं तेव्हा स्वतःचाच राग आला. तो चालू केला की ८० अक्षरांत बसतील तेवढे आकडे शेजारी-शेजारी येतात.

नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) मग प्रीसिजन, म्हणजे दशांश चिन्हानंतरचे अंक, ८ वरून ३ वर आणलं, लाइनविड्थ, म्हणजे ओळीची लांबी, ७५ ची १४० केली आणि सप्रेस, म्हणजे घातांकी रूप टाळण्याचा पर्याय, चालू केलं. पहिला महिना मजेत गेला.

नंतर एकदा मशीन लर्निंगच्या मॉडेलचे ग्रेडियंट (मॉडेल शिकताना कुठला आकडा किती बदलायचा ते सांगणाऱ्या किमती) छापले तर सगळीकडे नुसतं ‘०.’. दोन तास मॉडेलमध्ये चूक शोधत बसलो. ग्रेडियंट शून्य नव्हतेच, ०.००००२ च्या आसपास होते. सप्रेस बंद असतं तर नमपायने ते आपणहून घातांकी रूपात (२e-०५ सारखं) दाखवले असते. प्रीसिजन कमी ठेवणं मला अजूनही पटतं. सप्रेस मात्र तेव्हापासून बंद.

दुसरा फटका थ्रेशोल्डचा, म्हणजे नमपाय यादी पूर्ण छापतं त्या मर्यादेचा. हजाराच्या वर आकडे गेले की पहिले तीन, शेवटचे तीन आणि मध्ये टिंबं. माझे दोन नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण असलेल्या किमती) नेमके त्या टिंबांत लपलेले. आता छोटंसं फंक्शन आधी एक ओळ छापतं: ‘एकूण ५०००, किमान -०.४१, कमाल ३.९७, नॅन २’. सगळ्यात जास्त कामाला येते ती हीच ओळ.

पूर्णांकांसाठी सलग आकडे गुंडाळतो. ०, ०, ०, ०, ७, ८, ९, १०, ४२ याचं होतं ‘०×४, ७..१०, ४२’. आधी दोन टिंबांऐवजी आडवी रेघ होती, पण ऋण आकडे आल्यावर ‘-३--१’ असलं काहीतरी दिसायला लागलं.

एक सूचना: सेट_प्रिंटऑप्शन्स अख्ख्या प्रोग्रामला लागू होतं. माझ्यामुळे सहकाऱ्याच्या डॉकटेस्ट (छापलेला आउटपुट अक्षरशः जुळवून बघणाऱ्या चाचण्या) धडाधड फेल झाल्या, आणि त्याने ते बरेच दिवस ऐकवलं. नमपाय १.१५ पासून ‘विथ’बरोबर वापरायचं प्रिंटऑप्शन्स आहे, ते तेवढ्या ब्लॉकपुरतंच चालतं.

गैरसोय एकच उरली आहे. गुंडाळलेली यादी लॉगमधून उचलून टेस्टमध्ये पेस्ट करता येत नाही. त्यासाठी न गुंडाळता यादी छापणारा ‘कच्चं’ नावाचा एक फ्लॅग (चालू-बंद करायचा पर्याय) ठेवलाय, आणि तो चालू करायला मी निम्म्या वेळा विसरतो.