पडद्यावर 'बंद', पंप मात्र रात्रभर चालू

सकाळी उठलो तर टाकी भरून वाहत होती. कॉम्प्युटर उघडून बघितला, तर पंपाच्या चौकोनात ठळक अक्षरांत 'बंद' लिहिलेलं. आदल्या रात्री तेच वाचून मी निवांत झोपलो होतो.

घरातले दिवे, पंखे, गिझर, पंप सगळं कॉम्प्युटरवरून चालवायची मला भारी हौस. स्वतः जुळवाजुळव करायला वेळ नव्हता, म्हणून एकाला काम दिलं. माणूस बोलायला गोड. यंत्रणा मी स्वतः तयार केलेली आहे, म्हणाला. सगळं घरातल्या घरात चालतं, इंटरनेटची गरज नाही, आणि पैसे एकदाच, पुन्हा काही नाही. डेमोला टेबलावर एक एलईडी दिवा ठेवला, माऊस दाबला, दिवा लागला, पुन्हा दाबला, विझला. मी खूश! काही वॅटचा दिवा कुठल्याही रिलेवर, म्हणजे आज्ञेवर चालू-बंद होणाऱ्या छोट्या विजेच्या स्विचवर लागतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

बसवताना त्याने भिंतीवरची जुनी बटणंही काढून टाकली. "आता कशाला लागतायत?" म्हणाला. मीही मान डोलावली. इतका बावळटपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल. थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी इंटरनेट गेलं आणि आम्ही अंधारात बसलो. वीज होती, दिवे चांगले होते, लावायला बटण नव्हतं. त्याचा 'प्रोग्रॅम' म्हणजे नुसती ब्राउझरची खिडकी निघाली. मी दाबलेली आज्ञा कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जायची आणि तिथून परत माझ्याच घरात त्याने बसवलेल्या डब्यात यायची. पुढे त्याच खिडकीत सेवा चालू ठेवण्यासाठी शुल्क भरा म्हणून सूचना झळकू लागली.

पंपाच्या प्रकारानंतर मात्र एका जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलावून डबे उघडले. आत ईएसपी८२६६ चिप असलेला साधा वायफाय बोर्ड. हा बोर्ड हौशी मंडळी २०१४ पासून वापरतायत. मूळ छपाई घासून काढून वर याने आपलं स्टिकर चिकटवलेलं. शेजारी निळा रिले, त्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं. हा आकडा दाखवूनच त्याने मला पंपाबद्दल निश्चिंत केलं होतं. पण तो आकडा हीटरसारख्या सरळ भाराचा. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि बंद होताना ठिणगी पडते ती वेगळीच. रोज असं होऊन रिलेचे कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणाऱ्या आतल्या पट्ट्या, एकमेकांना चिकटले होते. कॉम्प्युटरने 'बंद' सांगितलं, पट्टी ओढून धरणाऱ्या कॉइलने सोडलंही, पण आतली पट्टी सुटलीच नाही.

आणि पडदा? तो पंपाकडे बघतच नव्हता. आपण शेवटची आज्ञा कोणती दिली, तेवढंच तो दाखवत होता. खरा करंट वाहतोय की नाही हे मोजायची सोय आत कुठेच नव्हती, आणि हे त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. घर असं दुरून चालवायची कल्पना तशी जुनीच आहे. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स१० नावाची अशीच यंत्रणा काढली. घरातल्याच विजेच्या तारांवरून संकेत पाठवायचे. त्यातली सुरुवातीची मॉड्यूल्सही एकतर्फीच होती, आज्ञा पोचली की नाही हे परत कळत नसे. याने तेच दुखणं मला 'एकदम नवीन तंत्रज्ञान' म्हणून विकलं.

खरा घाम फुटला तो त्यानंतर. इलेक्ट्रिशियनने पडद्यावर बंद दिसणाऱ्या एका दिव्याच्या होल्डरला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. रिले फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेत टाकायचे सोडून त्या माणसाने न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत टाकले होते. म्हणजे दिवा विझलेला, पण होल्डरमध्ये वीज कायम. ते दिवे मी स्वतःच्या हाताने बदलले होते, तेही स्टुलावर चढून.

आता रिले फेजवर आहेत. पंपाला वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा रिले बसवला, छोटा रिले फक्त त्याची कॉइल ओढतो. करंट मोजणारं सेन्सर लावल्यामुळे पडद्यावर दिसतं ते मोजलेलं असतं. भिंतीवर बटणं परत आली. बोर्ड तेच ठेवले, फक्त त्यांत टास्मोटा हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून आज्ञा घरातल्याच कॉम्प्युटरवरून द्यायला लागलो.

तुम्ही असं काम कुणाला देत असाल, तर डेमोच्या वेळी राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार उपटा आणि मग म्हणा, आता लावून दाखव. दिवा नको, खरा पंप किंवा गिझर चालवून दाखवायला सांगा. तो चालू असताना फक्त त्याचीच वीज त्याच्या वेगळ्या स्विचवरून तोडा आणि पडदा काय म्हणतो ते बघा. अजूनही 'चालू' म्हणत असेल तर काय ते समजा. टेस्टर खिशात असू द्या.

पैसे परत मागितले तेव्हा त्याचं उत्तर आलं : "आमच्या सिस्टीमवर तुमचं सगळं ओके दिसतंय." त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही.