हाताचा स्प्लिंट शिकताना: दोन दिवसांची कार्यशाळा की ज्येष्ठांचे टेबल?

ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीच्या वर्षांत स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार, पाहिलेले असतात, एखाददुसरा करूनही झालेला असतो; पण कुणाच्या मदतीविना कॉक-अप, म्हणजे मनगट वर उचलून धरणारा स्प्लिंट, करून रुग्णाला घालून द्यावा, इतका हात बसलेला नसतो. सोलापुरात राहून तो बसवायचा तर पुण्या-मुंबईची दोन दिवसांची कार्यशाळा किंवा गावातल्याच ज्येष्ठ ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे आठवड्यातून दोन दुपारी बसणे, असे दोन मार्ग मला दिसले. मी दोन्ही करून पाहिले.

पुण्याच्या कार्यशाळेने बरेच दिले, हे आधीच सांगतो. स्प्लिंटसाठीची, गरम पाण्यात मऊ होणारी प्लास्टिकची कोणती शीट मऊ झाल्यावर हातावर आपसूक ओघळते आणि कोणती दाबून बसवावी लागते, ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यातून काढल्यावर १.६ मिलिमीटरची शीट किती घाई करायला लावते आणि ३.२ ची किती सवड देते, हे तिथे एका बैठकीत बोटांना कळले. गावातल्या ज्येष्ठ थेरपिस्ट मॅडमांकडे मात्र एकाच प्रकारची शीट असे, तीही महाग. त्यामुळे पहिले तीन आठवडे मी पेपर नॅपकिनवर नुसते पॅटर्न काढत होतो. काही दुपारी तर हाताचा एकही रुग्ण येत नसे.

तरीही कार्यशाळेतली एक गोष्ट मला अजून खटकते. तिथला हात शेजारी बसलेल्या सहाध्यायाचा, म्हणजे निरोगी असतो. मनगट तीस अंश वर धरा म्हटले की तो धरतो, सुजत नाही, कळवळत नाही. त्याहून वाईट म्हणजे माझा तो स्प्लिंट वापरला जाऊन पुन्हा कधी परत आला नाही; सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तो पिशवीत घालून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आणला.

मॅडमांच्या टेबलावर मी पहिला कॉक-अप केला तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या, मनगट पडलेल्या (म्हणजे ते वर उचलता न येणाऱ्या) एका गृहस्थांसाठी. आठव्या दिवशी ते आले तेव्हा करंगळीच्या बाजूच्या हाडावर लाल वळ होता, आणि वेल्क्रोत कापसाची तूस इतकी भरली होती की पट्टा चिकटेना, म्हणून त्यांनी टॉवेलच्या काठाची चिंधी गुंडाळली होती. मी घाईने आतून फोम चिकटवायला निघालो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आतली जागा आणखी कमी कराल. फोम आधी हाडावर ठेवा, त्यावरून शीटला पुन्हा आकार द्या.” वेल्क्रोऐवजी आम्ही बकलचा पट्टा लावला. त्यानंतरच्या आठवड्यात वळ नव्हता. हे दोन धडे कार्यशाळेच्या वेळापत्रकात बसणे अवघडच होते.

आपण आधीच एखाद्या रुग्णालयात असाल, हाताचे रुग्ण नियमित येत असतील आणि अडल्यास विचारायला कुणी असेल, तर कार्यशाळा कदाचित पुरेशी ठरेल, कारण स्प्लिंट परत येण्याची सोय आपल्याकडे आहेच. तसे नसल्यास, माझ्या मते, आधी तीन-चार महिने टेबलापाशी काढावेत आणि शीटांचे प्रकार हाताळण्यासाठी कार्यशाळेला नंतर जावे. जाताना तूस भरलेला एखादा जुना पट्टा सोबत न्यावा आणि यावर काय उपाय, असे तिथल्या प्रशिक्षकांना अवश्य विचारावे.