‘पल्ला ३०० मीटर’ सांगून विकलेली एअर रायफल

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका कुटुंबाने मुलासाठी एअर रायफल घेतली आणि त्यात साडेएकवीस हजार रुपये गेले. व्यवहार महापे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात झाला. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण फसवायची पद्धत ठरलेली आहे, उद्या ती दुसऱ्या कोणाच्याही गाळ्यात दिसेल. म्हणून नेमकं काय झालं आणि ते कुठे ओळखता आलं असतं, ते सविस्तर लिहितोय.

रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. तो ठाण्याचा. मुलांना हे ठाऊक असतं आणि पालकांनाही. अशा घरातल्या उत्साहावरच असले विक्रेते टपलेले असतात.

जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: पल्ला ३०० मीटर, वेग १००० फूट प्रति सेकंद, लायसन्सची गरज नाही. यातली दुसरी आणि तिसरी एकत्र बसतात का, ते नववीच्या विज्ञानातल्या सूत्राने कळतं. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि निम्मं करायचं, की ऊर्जा मिळते. ४.५ मिमीचा नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर प्रति सेकंद. उत्तर येतं २४.६ ज्यूल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर वेपनची नळी ४.५ मिमीपेक्षा मोठी असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल तर परवाना लागतो. म्हणजे शिशाच्या छर्‍याने तो वेग खरंच मिळत असेल तर ती रायफल बिनपरवाना विकताच येणार नाही. परवाना लागत नसेल तर तो वेग शिशाच्या छर्‍याचा नाही.

तो वेग असतो मिश्रधातूच्या हलक्या छर्‍याचा. तो भरतो जेमतेम ०.३४ ग्रॅम. हलका म्हणून नळीतून जोरात सुटतो, आणि हलका म्हणूनच हवेत लगेच मंदावतो, भरकटतो. निशाण्याच्या सरावाला त्याचा उपयोग नाही, जाहिरातीतला आकडा फुगवायला आहे.

गाळ्यातलं प्रात्यक्षिक त्याहून धूर्त होतं. क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, टेबलावर मांडलेलं. पहिला बार फटाक्यासारखा वाजला, नळीच्या तोंडातून निळसर धूर आला आणि आकडा उमटला ३१२ मीटर प्रति सेकंद. घरच्यांना वाटलं, केवढी ताकद! त्या धुरातच सगळं होतं. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, कोठीतली हवा दाबली जाते आणि क्षणभर प्रचंड तापते. त्या कोठीत तेलाचे चार-पाच थेंब असले तर ते डिझेल इंजिनातल्यासारखे पेटतात आणि छर्‍याला जादा धक्का देतात. तेल जळून गेलं की वेग खाली येतो. प्रात्यक्षिक तीन बारांचं होतं, चौथा झालाच नाही. शिवाय अशा पेटण्याने पिस्टनचं सील जळतं आणि स्प्रिंग खचते, म्हणजे विकत घेण्याआधीच माल अर्धा वापरलेला.

म्हणून वेग बघायचाच असेल तर सलग दहा बार मागा, शिशाच्या छर्‍याने, डबी आपल्या हाताने उघडून. आकड्यांतला फरक सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आत राहिला तर ठीक. पहिले दोन-तीन उंच आणि मग पायऱ्या उतरल्यासारखे खाली येत असतील, किंवा जळक्या तेलाचा वास येत असेल, तर तिथून निघा.

आता पल्ला. फसवणुकीचं मूळ इथे आहे.

पल्ला या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि विक्रेता मुद्दाम पहिला वापरतो. नळी वर करून उडवलेला छर्रा कुठवर जाऊन पडेल, हा एक पल्ला. तो शे-दोनशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि म्हणूनच गच्चीतून किंवा खाडीकाठी एअर रायफल चालवणं धोक्याचं आहे. दुसरा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर तुम्ही, तुमच्या हाताने, ठरवलेल्या वर्तुळात प्रत्येक बार टाकू शकता ते अंतर. हा दुसरा आकडा कोणत्याही खोक्यावर छापता येत नाही, कारण तो चालवणाऱ्याचा असतो.

ज्या देशांत परवान्याने शिकार चालते, उदाहरणार्थ नामिबिया, तिथले जबाबदार शिकारी हाच आकडा धरून चालतात. हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग ढोबळमानाने २० सेंमीच्या वर्तुळाएवढा धरतात. मग टेबलावर रायफल टेकवून नव्हे, तर रानात जसं बसावं लागेल तसं बसून, गुडघ्यावर किंवा काठीच्या आधाराने, दमलेल्या श्वासाने बार टाकतात. १०० मीटरवर पाच बार १२ सेंमीत बसले तर २०० वर निदान २४ सेंमीचा पसारा होणार, आणि वारा धरला तर त्याहून जास्त. अशा माणसाची मर्यादा १५० च्या आसपास. त्याच्या हातातल्या रायफलीची गोळी हजार मीटरपुढे जाते, पण दीडशेच्या पलीकडे तो चाप ओढत नाही, कारण चुकलेला बार म्हणजे जखमी होऊन पळालेलं आणि कुठेतरी झुडपात तडफडत मेलेलं जनावर.

आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि नुसता प्रयत्नही शिकारीतच मोजला जातो. या विक्रेत्याने मात्र ‘येऊरच्या मागे जाऊन बघा, तितर सहज पडतो’ असं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. असा मेसेज आला तर व्यवहार तिथेच थांबवा.

एअर रायफलीवर आपलं अंतर काढायची रीत तीच, फक्त आकडे लहान. क्लबच्या रेंजवर, मागे भक्कम अडसर असताना, टेपने १० मीटर मोजा. ४ सेंमीचं वर्तुळ काढलेले तीन कागद लावा, प्रत्येकावर पाच छर्रे. तिन्हींतला सर्वांत वाईट कागद धरायचा, चांगला नाही. पंधराही छर्रे आत असतील तर रेंजच्या सोयीप्रमाणे १५, मग २० मीटर. ज्या अंतरावर एक जरी बाहेर गेला, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळू नका, दस्त्याखाली तळहात सैल ठेवा. पिशवीवर किंवा लाकडावर टेकवली तर तिचा झटका बदलतो आणि ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, भलतीकडे सरकतो. या मुलाचं अंतर १० मीटर निघालं, आणि नवशिक्यासाठी ते अगदी योग्य आहे.

गुरुत्वाकर्षण वेगळंच. सेकंदाला २०० मीटर वेगाच्या छर्‍याला ५० मीटर जायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात तो ३० सेंमी खाली येतो, आणि हवेच्या विरोधाने प्रत्यक्षात त्याहून जास्त. ३०० मीटरचा हिशोब मांडायचीही गरज नाही.

रायफलीबरोबर एक कागद दिला होता, त्यावर पेनने ‘५० मी.’ आणि एकमेकांना चिकटलेली पाच भोकं. गाळ्याची लांबी १२ मीटर! भोकांवरून अंतर कळत नाही, त्यामुळे असा कागद तुमच्यासमोर मोजून मारलेला नसेल तर त्याला किंमत शून्य.

स्कोपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतही, तेच झालं. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पुढे असे दोन झटके देते. साध्या स्कोपची आतली फुलीची तार त्याने निखळते, किंवा अख्खा स्कोप रायफलीवरच्या पट्टीवरून मागे घसरतो. इथे साठेक छर्‍यांत तो चार मिलिमीटर सरकला, पट्टीवरचे ओरखडे स्पष्ट दिसतात. स्कोप स्प्रिंग एअरगनसाठी असल्याचं लिहिलेलं हवं, मागे अडवणारी पिन हवी आणि १० मीटरवर फोकस होणारा हवा. बंदुकीचे बरेच स्कोप १०० यार्डाच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, १० मीटरवर ते धूसर दिसतात आणि डोळा जरा हलला की नेमही हलतो.

तक्रार केल्यावर विक्रेता उलटला. ‘पॉवर स्प्रिंग’ म्हणून त्याने अडीच हजार वेगळे घेतले होते. आता म्हणाला, “दादा, तुमच्याकडे २० ज्यूलच्या वरचा माल आहे. पोलिसात गेलात तर आर्म्स ॲक्ट तुमच्यावरच लागेल.” घरचे घाबरून महिनाभर गप्प बसले. क्लबमध्ये कोठी पुसून ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याने दहा बार मोजले तेव्हा सरासरी वेग आला २०५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ११ ज्यूल. धमकी पोकळ निघाली, आणि जाहिरात खोटी असल्याचं या आकड्यांच्या कागदावरच लिहून मिळालं.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि विक्रेता गायब झाला असेल तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. माल मिळाला पण सांगितला तसा नाही, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षं. पक्कं बिल घ्या आणि त्यावर नळीचा व्यास, ज्यूल आणि रायफलचा नंबर लिहून घ्या. या कुटुंबाच्या बिलावर फक्त ‘स्पोर्ट्स आयटम १ नग’ आहे. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, तितराचा मेसेज आणि क्रोनोग्राफचे दहा आकडे तक्रारीला जोडले. रायफल दुरुस्त केलेली नाही. सरकलेला स्कोप जिथे आहे तिथेच ठेवून, ओरखड्यांचे फोटो काढून, ती खोक्यात बंद करून ठेवली आहे.